खिंडीतली हाक

संक्रांतीचं हळदीकुंकू संपता संपता शेजारच्या काकूंनी मला गाठलंच. "बर्फावरून घसरायला म्हणे तुम्ही पदरचे पैसे मोडून गेला होतात? आमच्या अंगणात पावसाळ्यात फुकट घसरतात गं लोक." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग प्रत्येकीला काही ना काही विचारायचं होतं. बर्फ दाताखाली कसं लागतं, तिथल्या बायका पाटलोण घालतात हे खरं का, मी काय घातलं होतं, आणि पोटात काय काय गेलं. उत्तरं देता देता तिळगूळ हातातच राहिला. तेव्हा म्हटलं, एकदाच बसून लिहून टाकावं. ज्यांना जाता आलं नाही त्यांना घरबसल्या कळेल, आणि मलाही तो आठवडा पुन्हा भेटेल. पुन्हा जाणं काही आता व्हायचं नाही.

आमचे हे विजेचं शिक्षण घ्यायला झुरिकला होते. मागाहून मलाही बोलावून घेतलं. पहिल्या हिवाळ्यात शहराजवळच्या टेकडीवर आम्ही दोघं स्की शिकलो. स्की म्हणजे माणसाच्या उंचीहून लांब अशा दोन लाकडी पट्ट्या. पुढचं टोक वर वळलेलं, मधे बूट कातडी पट्ट्यांनी आवळायचा, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि उतारावरून देवाचं नाव घेऊन सुटायचं. हे लवकर शिकले. मी पडत पडत शिकले. दुसऱ्या हिवाळ्यात परतीच्या बोटीची तिकिटं हातात आली, तेव्हा हे म्हणाले, "जाण्यापूर्वी एक आठवडा खऱ्या डोंगरात जाऊ." जिथं गेलो त्या गावाचं नाव मला धड उच्चारता येत नव्हतं आणि लिहायला तर अजूनही येत नाही, म्हणून ते सोडून देते.

वर चढताना

गावाला जाणारी गाडी दात्यांच्या रुळावरून चढते. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आणि इंजिनाखाली दातेरी चाक, म्हणजे मागे घसरायची सोय नाही. आपल्या कर्जतला घाट चढायला गाडीच्या मागे इंजिन लावतात, त्याचं ढकलणं मला लहानपणापासून माहीत. इथं पुढून ओढणं नाही की मागून ढकलणं नाही, नुसतं चावत चावत वर जाणं. मी ह्यांना म्हटलं, "आपल्याकडचं इंजिन बरं. निदान कुणीतरी पाठीशी आहे असं वाटतं." हे खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी एक खिंड दाखवली. दोन काळ्या सुळक्यांच्या मधे पांढरी शुभ्र घळ, आणि तिच्या पलीकडे नुसतं निळं. "तिकडून पलीकडच्या खोऱ्यात उतरता येतं," हे म्हणाले. मग बराच वेळ बोलले नाहीत. ह्यांना एखादी गोष्ट मनापासून हवी असली की ते तिच्याबद्दल बोलणं बंद करतात, हे मला एवढ्या संसारात कळलेलं आहे.

उतरलो ते घर एका विधवा बाईचं होतं, रेगुलाबाई तिचं नाव. लाकडी घर, छपरावर हातभर बर्फ, आणि स्वयंपाकघरात फरशांनी मढवलेली एवढी मोठी शेगडी की तिच्या कडेला बसायला बाक केलेला. पहिल्याच संध्याकाळी तिनं पुढ्यात काय आणून ठेवावं? बटाट्याचा कीस. अगदी आपला उपासाचा, खरपूस, फक्त जिरं-मिरची नाही. मला माहेर भेटल्यासारखं झालं. घास तोंडापर्यंत नेला आणि वास आला. बाईनं तो डुकराच्या चरबीवर परतला होता. मी ताट बाजूला सारलं, तशी तिचा चेहरा पडला. माझं जर्मन तोडकंमोडकं, तेव्हा बोलण्यापेक्षा मी सरळ उठून तिच्या स्वयंपाकघरात गेले, लोण्याचा गोळा दाखवला, चरबीचं भांडं दाखवून मान हलवली आणि दोन्ही हात जोडले. तिला सगळं समजलं. त्यानंतर रोज लोण्यावरचा कीस, दूध, पाव आणि चीज. मी तिला लिंबाचं लोणचं दिलं. तिनं ते पावाला फासून खाल्लं, डोळे पुसले आणि आणखी मागितलं.

पोशाखाचं विचारलंत ना, तर मी नऊवारीच नेसले. आत ह्यांची लोकरी विजार, वर काष्टा घट्ट मारलेला, त्यावर स्वेटर. विजार एकटीच घालायचा धीर झाला नाही. रेगुलाबाईनं मला पुढून मागून बघितलं आणि म्हणाली, "पाय मोकळे आहेत, चांगलं आहे." संध्याकाळी परतले की काष्टा गोठून पापडासारखा कडक व्हायचा. शेगडीपाशी उभी राहिले की तो मऊ पडायचा आणि खाली तळं साचायचं.

मधला वर्ग

आमचा शिक्षक आलोइस, पिकल्या मिशांचा सुतार. उन्हाळ्यात घरं बांधायची आणि हिवाळ्यात आमच्यासारख्यांना उभं करायचं. त्यानं आम्हाला मधल्या वर्गात घातलं. मधला वर्ग म्हणजे ज्यांना पडण्याची भीती कळली आहे आणि न पडण्याची विद्या अजून आलेली नाही असे लोक. आमच्याबरोबर कॉर्नेलिया नावाची एक डच शिक्षिका होती, उंच, गुलाबी, आणि चौकस तर इतकी की तिच्यापुढे आमच्या शेजारच्या काकूही फिक्या. तिच्याशी इंग्रजीत बोलता यायचं.

एकदा जेवताना ती मला म्हणाली, "तुमच्या नवऱ्याचं नाव काय? तुम्ही त्यांना नेहमी अहो, अहो म्हणता."

मी सांगितलं, "आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही."

"कधीच नाही?"

"लग्नकार्यात घेतो. कुणी दार अडवून धरलं तर. तेही कवितेत गुंफून."

"आणि तो तुमचं घेतो?"

"दिवसभर."

तिनं काटा खाली ठेवला. "हे बरं आहे त्यांचं," ती म्हणाली. हे पावाला लोणी लावत गालात हसत होते. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

पहिले दोन दिवस झकास गेले. सकाळी स्कींच्या बुडाला सील नावाच्या समुद्री जनावराच्या कातड्याच्या पट्ट्या बांधायच्या. केस मागे वळलेले, म्हणून चढताना पाय मागे घसरत नाही. मेलेल्या जनावराचं कातडं हाताळायचं म्हणून पहिल्या दिवशी मी कुरकुरले, दुसऱ्या दिवशी पट्टी ओढून घट्ट करायलाही शिकले. वर पोचलं की कातडी सोडायची, मेण घासायचं आणि खाली यायचं. सकाळभर चढायचं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच खाली. पण ते क्षणभराचं सुख, काय सांगू तुम्हाला. कानाजवळून वारा, पायाखाली शू असा बारीक आवाज, आणि आपण आपल्या वजनातून सुटलेले. अजून कधी कधी भाकरी थापताना पिठाचा तसाच आवाज येतो आणि माझा हात थांबतो.

बुधवारी आलोइस म्हणाला, "शनिवारी खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जायचं. पण खड्या उतारावर ज्याला दोन्ही बाजूंना वळता येईल त्यालाच नेईन. वर गेल्यावर कुणाला पाठीवर घेऊन उतरत नसतो मी."

कॉर्नेलियाला वळता येत होतं. ह्यांना येत होतं. मी मात्र उतार खडा झाला की वळणावर हमखास आडवी. आलोइसनं माझ्याकडे बघितलं, आणि त्यानं काही बोलायच्या आत हे म्हणाले, "आम्ही दोघं येऊ, नाहीतर दोघंही नाही."

असा राग आला मला. खोलीत शिरल्यावर म्हटलं, "मला विचारलंत?"

"काय विचारायचं त्यात?"

"तुम्हाला जायचंय. आल्यापासून त्या खिंडीकडे डोळे लावून बसलाय. आता मी पडले तर तुमचं जाणं बुडवलं मी. जन्मभर ते माझ्या डोक्यावर. हा उदारपणा कुणी मागितला होता तुमच्याकडे?"

हे बुटाच्या नाड्या सोडत होते. "तुला वर सोडून मी एकटा पलीकडचं बघून काय करू?" म्हणाले. राग होता तसाच राहिला, पण त्याला आता धरायला जागा उरली नाही.

विरी

माझी चूक आलोइसला दिसत होती आणि मला कळत नव्हती. मी खालापूरची, घाटाच्या पायथ्याशी वाढलेली. घाट उतरताना अंग डोंगराकडे ठेवायचं हे आम्हाला कुणी शिकवत नाही, चालायला लागलं की ते येतंच. दरीकडे झुकला तो गेला. स्कीवर मात्र सगळं उलटं. वळताना अंगाचा भार दरीकडच्या पायावर टाकायचा, छाती खालच्या उताराकडे न्यायची. घाबरून डोंगराकडे रेललं की पट्ट्या पायाखालून सटकल्याच. आलोइस म्हणायचा, "बाई, तुम्ही डोंगराला मिठी मारता. तो धरणार नाही तुम्हाला." कळत होतं सगळं, पण पायाला कोण सांगणार?

गुरुवारी दुपारी मी हिरमुसून कुंपणाशी उभी होते. समोरच्या उतारावर गावातली पोरं फळीवर बसून घसरत होती. एक चिमुरडी भ्याली, मागे रेलली, तशी तिची फळी गर्रकन फिरली आणि ती बर्फात पालथी. आणि मला एकदम विरी आठवली.

आमच्या परसात विहिरीपाशी पोफळी होत्या. झावळ गळून पडली की तिचं रुंद, गुळगुळीत बूड, म्हणजे विरी, आम्ही पोरी पळवायचो. दिवाळी झाली की मागच्या टेकडीवरचं गवत वाळून पिवळं, निसरडं व्हायचं. विरीवर बसायचं आणि टेकडीवरून सुटायचं. ठाकूरवाडीची भिवरी आमच्यात सगळ्यांत तरबेज. तिची आई दारोदार आवळे विकायची आणि तोवर भिवरी आमच्यात असायची. मी पहिल्यांदा बसले तेव्हा गर्रकन फिरून निवडुंगात गेले. भिवरी काटे काढत म्हणाली, "मागं कशापायी रेलतीस गं? मागं रेललीस का ती फिरलीच. जिकडचं भ्या वाटतं ना, तिकडंच वाकायचं. मंग काय नाय व्हत."

लग्न ठरलं आणि विरी सुटली. शहाण्या मुली घसरत नाहीत, असं आई म्हणाली. भिवरी पुढे कुठल्या वाडीला दिली ते मला माहीतही नाही. परमुलखात, त्या बर्फाळ कुंपणाशी उभं राहून मला तिची इतकी आठवण आली की डोळे भरून आले, आणि तिथल्या थंडीत ते बरं नसतं, पापण्या चिकटतात.

शुक्रवारी आलोइसनं मला खड्या उतारावर एकटीला उभं केलं. खाली सगळे बघत होते. मी दरीकडे बघितलं. भ्या वाटत होतंच. तिकडंच वाकले. उजवं वळण झालं, डावं झालं, पुन्हा उजवं. खाली पोचले तेव्हा मी उभी आहे हे मला दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. हे काठी उंच करून "उमा, उमा" असे ओरडत होते. माझं नाव साऱ्या डोंगराला कळलं. आलोइसनं चिलीम पेटवली आणि एवढंच म्हणाला, "उद्या."

खिंड

शनिवारी उन्हं अंगावर घेत आम्ही चढलो. खिंडीत पोचलो तेव्हा दोन्हीकडची खोरी दिसत होती. आपल्या घाटमाथ्यावरून एकीकडे कोकण आणि दुसरीकडे देश दिसतो ना, तसंच. ह्यांनी टोपी काढली आणि उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. एका पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही, कारण ते आनंदात होते आणि त्या आनंदात माझी पडझड आड आली नव्हती.

उतरायला लागलो आणि पलीकडच्या खोऱ्यातून धुकं वर आलं. पावसाळ्यात खंडाळ्याला येतं तसंच, पण तिथं पायाखाली निदान हिरवं दिसतं. इथं खालीही पांढरं आणि वरही पांढरं. उतार कुठं सुरू होतो ते पायालाच कळायचं. आलोइसनं आम्हाला थांबवलं. "पुढे मी. मागे कॉर्नेलिया, मग उमाबाई, शेवटी साहेब. प्रत्येकानं आपल्या मागच्याला नावानं हाक मारायची. ओ आली की पुढे सरकायचं. नाही आली तर जागीच थांबायचं. डाव्या हाताला कडा आहे."

आलोइस हाक मारायचा, "कॉर्नेलिया." ती ओ द्यायची आणि मला म्हणायची, "उमा." मी ओ द्यायची आणि मागे म्हणायची, "अहो." मागून यायचं, "आहे." असं बराच वेळ चाललं. मला वाटलं, निभावलं.

मग एकदा मी "अहो" म्हटलं आणि मागून काही आलं नाही.

पुन्हा म्हटलं. वारा सुटला होता. आलोइसला कळलं, तो तोंडाशी हात धरून लांब सूर काढून ओरडायला लागला. कॉर्नेलिया ओरडायला लागली. मी अहो, अहो करत होते. सुळक्यांवरून तेच सूर परत यायचे, चहूकडून, कुणाचे आणि कुठून ते कळेना. त्या गलक्यात माझं "अहो" कुणाचंही असू शकलं असतं. आलोइस वाकून, परत वर चढण्यासाठी, पट्ट्यांना कातडी बांधायला लागला. त्याचे हात घाईत होते.

कॉर्नेलियानं माझा दंड धरला. "नाव," ती म्हणाली. "उमा, त्यांचं नाव घे."

तुम्ही हसाल, पण त्या घटकेलाही जीभ अडली. आईनं घातलेलं वळण, सासूबाईंचा धाक, नाव घेतलं तर त्यांचं आयुष्य कमी होतं हे लहानपणी ऐकलेलं, सगळं आडवं आलं. मग मनात म्हटलं, आयुष्य राहिलं तर कमी होईल ना. आणि घेतलं नाव. राव नाही, पंत नाही. सासूबाई परसदारातून जेवायला हाक मारतात तसं, नुसतं, शेवटचं अक्षर लांबवून. एकदा घेतलं आणि बांध फुटला. घेतच राहिले.

धुक्यातून, मला वाटत होतं त्याहून भलत्याच बाजूनं, आवाज आला. "आलो."

आईला ओ देतात अगदी तसं. मी हाका मारत राहिले आणि ते हाकेमागून येत राहिले. आधी सावली दिसली, मग टोपी, मग मिशांवरचं दंव. पायाचा पट्टा तुटला होता, तो त्यांनी मफलरनं बांधला होता. बांधून उठले तेव्हा चहूकडून ओरडणं ऐकू आलं आणि ते डावीकडे निघाले होते. डावीकडे काय होतं ते मी वर लिहिलंच आहे. आलोइसनं त्यांच्या खांद्यावर एक थाप मारली आणि कातडी सोडायला लागला.

खालच्या गावात गरम सूप समोर आलं तेव्हा हे हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा म्हण ना."

"काय?"

"तेच, मघाचं."

"गप्प बसा आणि जेवा," मी म्हटलं.

कर्जत

मग बोट आली, समुद्र लागला, मुंबई आली आणि आपलं घर आलं. आता ह्यांची नोकरी आणि माझा संसार. चुलीपाशी लाकडं ओली निघाली की मला रेगुलाबाईची शेगडी आठवते. दिवाळीनंतर टेकड्या पिवळ्या झाल्या की पाय शिवशिवतात. बर्फावरचा तो शू आवाज कानात आहे तोवर ठीक आहे, पण तो दिवसेंदिवस पुसट होतोय आणि त्याचं मला वाईट वाटतं.

हे रोज संध्याकाळी कामावरून आले की नदीपलीकडे फिरायला जातात. पान वाढायची वेळ झाली की मी परसदाराशी जाऊन "अहो" म्हणते. पलीकडच्या काठावर पाठमोरे दिसतात, पण वळत नाहीत. पुन्हा "अहो" म्हणते. नाहीच. सासूबाईंची समजूत अशी झाली आहे की परदेशातल्या थंडीनं मुलाचे कान गेले. रोज रात्री त्या लसूण घालून तेल कढवतात आणि ह्यांच्या कानात घालतात. हे निमूट घालून घेतात. नोकरीतल्या एवढ्या मोठ्या माणसाला कानात बोळे घालून बसलेलं बघून मला हसू आवरत नाही, पण खरं काय ते मी सासूबाईंना सांगणार कसं?

काल सासूबाई देवळात कीर्तनाला गेल्या होत्या. भात उतरवला आणि परसदाराशी गेले. शेजारच्या काकूंची खिडकी बंद होती. दोन्हीकडे नीट बघून घेतलं, पदर सारखा केला, आणि नाव घेऊन हाक मारली.

पलीकडून लगेच ओ आली. "आलो."